अंगठा धरणारा हात

नोव्हेंबर उजाडला की बँकेच्या शाखेत निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. कानटोप्या, काठ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली पासबुके, आणि रांगेत उभ्या उभ्या एकमेकांच्या गुडघ्यांची विचारपूस. आपण जिवंत आहोत, हे या मंडळींना वर्षातून एकदा सरकारला कळवावे लागते. त्या कागदाला हयातीचा दाखला म्हणतात. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ ही बोटाच्या ठशावर चालणारी संगणकीय सोय आली आणि रांग थोडी आखूड झाली. तरी शाखेत जाऊन स्वत:च्या हाताने सही केल्याशिवाय चैन न पडणारे लोक अजून पुष्कळ आहेत.

ज्यांना अंथरुणावरून उठताच येत नाही, त्यांच्या घरी बँकेच्या अधिकाऱ्याने जाऊन खात्री करून घ्यायची असते. नोकरीच्या काळात मी हे काम पुष्कळ वर्षे केले. गुलमंडीच्या मागचे जुने वाडे, उस्मानपुऱ्यातली बैठी घरे, सिडकोतल्या एन-सहा, एन-आठमधली लहान लहान घरे. आतल्या खोलीत खाट, शेजारी स्टुलावर औषधे आणि पाण्याचा तांब्या. सही करता येत नसेल तर अंगठा घ्यायचा. पण पुष्कळदा हातच उचलत नसे. मग कोणीतरी पुढे होऊन तो हात उचलायचे, अंगठा शाईच्या गादीवर टेकवायचे आणि कागदावर दाबून धरायचे. कधी सून, कधी बायको, कधी रोजाने ठेवलेली बाई. नंतर ओल्या फडक्याने अंगठ्याची शाई पुसण्याचे कामही तिचेच. मी ठसा पाहायचो, तारीख घालायचो, चहा नको म्हणायचो आणि पुढच्या घराकडे निघायचो. माझ्या कागदावर अंगठ्याला जागा होती. तो धरणाऱ्या हाताला नव्हती. खरे सांगायचे तर, नोकरीत असेपर्यंत ही उणीव मला कधी जाणवलीही नाही.

ती जाणवली २०२० साली, माझ्याच घरात.

आईला २०१७ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे अडखळू लागले. बाकी शुद्ध अगदी साफ होती. मी पुढच्याच वर्षी निवृत्त झालो. पण मी घरात असणे आणि आईचे सगळे वेळेवर होणे, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. आईचे करायच्या त्या मावशी. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण घरात सगळे त्यांना मावशीच म्हणत. मुकुंदवाडीहून सकाळी आठला यायच्या, संध्याकाळी सहाला जायच्या. अंग पुसणे, कपडे बदलणे, भांडे देणे, भरवणे, वेणी घालणे आणि दर दोन तासांनी कूस बदलणे. कूस बदलणे हे काम पाहणाऱ्याला किरकोळ वाटते. खांद्याखाली एक हात, कमरेखाली एक हात, आणि रुग्णाला न दुखवता एका लयीत वळवायचे. मावशींना ते सहज जमे. रात्रीचे माझी पत्नी पाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. येणार कशा? रिक्षा बंद, चौकाचौकात पोलीस. चालत निघाल्या होत्या, त्यांना वाटेतूनच परत पाठवले. पत्नीला संधिवात, आणि मला फायलींखेरीज काही उचलण्याची सवय नव्हती. आम्ही दोघांनी जमेल तसे केले. पंधरा-वीस दिवसांत आईच्या माकडहाडाशी कातडी लाल झाली आणि मग फुटली. असा व्रण ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांना रविवारी सकाळी सांगू नये.

पुढे सगळे निवल्यावर मी जुन्या सवयीने त्या दिवसांतले सरकारी आदेश काढून वाचले. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला परिपत्रके वाचण्याचा कंटाळा नसतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १५ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बालके, अपंग आणि वृद्ध यांच्यासाठी चालणाऱ्या आश्रमांना काम सुरू ठेवण्याची मुभा स्पष्ट शब्दांत आहे. घरी राहणाऱ्या वृद्धांच्या शुश्रूषेसाठी येणाऱ्या माणसांचा उल्लेख आला तो २१ एप्रिलच्या खुलाशात. म्हणजे टाळेबंदीच्या अठ्ठाविसाव्या दिवशी. आदेश लिहिणारे काही दुष्ट नव्हते. वृद्ध म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर एक तर नातवंडांत बसलेले आजोबा आले असतील, नाही तर वृद्धाश्रमातले. या दोघांच्या मधला, घरातच असलेला पण बाहेरून येणाऱ्या हातांवर जगणारा माणूस आठवायला त्यांना चार आठवडे लागले. खुलासा आला, पण थोड्याच दिवसांत मावशींच्या गल्लीला पत्रे ठोकले गेले. प्रतिबंधित क्षेत्राला ती सवलत लागू नव्हती. जुलैत १० ते १८ तारखेपर्यंत तर सगळे शहरच कडकडीत बंद होते. मावशी परत आल्या त्या सप्टेंबरात.

आई ऑक्टोबरात गेली. करोनाने नव्हे, तिची दोनदा तपासणी झाली आणि दोन्ही वेळा काही निघाले नाही. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले आहे आणि ते खोटे नाही. शहाऐंशी वर्षांची, तीन वर्षे अंथरुणावर असलेली बाई कशाने गेली याचा खल करण्यात अर्थ नाही, हे मला समजते. पण ते पाच महिने मावशी येत राहिल्या असत्या तर तिचे शेवटचे दिवस इतके दुखरे गेले नसते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. त्या वर्षी केंद्र सरकारने आपल्या निवृत्तिवेतनधारकांसाठी हयातीच्या दाखल्याची मुदत २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाढवली. आमच्या घरी दाखल्याची गरज उरली नव्हती.

ही माझ्या एकट्याच्या घरातली गोष्ट असती तर ती मी चार भिंतींतच ठेवली असती. पण या शहरात अशी आणखी किती घरे होती? शंभर, हजार, दहा हजार? तेव्हाच्या औरंगाबादेत आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न घेऊन कोणत्याही कचेरीत गेलात तरी समोरचा माणूस फाईल काढू शकणार नाही. करोनाने किती आजारी पडले आणि किती गेले, याचे तक्ते रोज संध्याकाळी प्रसिद्ध होत होते. शुश्रूषा तुटल्यामुळे कोणाचे काय झाले, याचा तक्ता कधीच निघाला नाही.

इतर देशांत तो निघाला. कॅनडात पहिल्या लाटेत जे मृत्यू झाले, त्यांतले सुमारे ८० टक्के दीर्घकालीन शुश्रूषागृहांतले होते. आँटेरिओ आणि क्वेबेक या प्रांतांत शेवटी लष्कराच्या तुकड्या पाठवाव्या लागल्या. मळलेल्या कपड्यांत तसेच पडून राहिलेल्या वृद्धांची वर्णने त्या सैनिकांच्या मे २०२० च्या अहवालात आहेत. इंग्लंडमध्ये रुग्णालयांतल्या खाटा मोकळ्या करण्यासाठी वृद्धांना तपासणीवाचून शुश्रूषागृहांत धाडण्यात आले. वडील गमावलेल्या दोन मुली न्यायालयात गेल्या आणि २७ एप्रिल २०२२ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जिथे शिकले त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अभ्यासकांनी २०२० च्या वसंतातच देशोदेशीच्या शुश्रूषागृहांतल्या मृत्यूंचे आकडे एकत्र मांडायला सुरुवात केली होती.

त्यांना हे करता आले, कारण तिथे शुश्रूषेला पत्ता आहे. परवाना आहे, खाटांची संख्या आहे, कामावरच्या माणसांची हजेरी आहे. जर्मनीत १९९५ पासून आणि जपानात एप्रिल २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा सार्वजनिक विमा आहे. एकदा खाते उघडलेले असले की तूट निघाली तरी ती दिसते. खातेच नसेल तर तूट झाली की नाही हे कळायला मार्ग राहत नाही.

हे आकडे वाचून आपल्याकडे एक समाधानाचा सूर निघतो, तो मी अनेक बैठकांत ऐकला आहे. ‘बघा, त्यांनी आईबापांना आश्रमात टाकले म्हणून ते मेले. आपल्याकडे कुटुंब आहे म्हणून आपण वाचलो.’ यात तथ्य नसेलच असे मी म्हणत नाही. एका छपराखाली शंभर अशक्त माणसे ठेवली तर साथ झपाट्याने पसरणार, हे उघड आहे. पण आपण वाचलो हे ठरवायचे कशावरून? जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात साथीमुळे झालेल्या जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाखांच्या आसपास दिला. अधिकृत नोंद पाच लाखांच्या आत होती. सरकारने संघटनेची पद्धतच अमान्य केली. वाद तज्ज्ञांवर सोडू. पण मृत्यूच्या आकड्यावर जिथे एवढे अंतर आहे, तिथे व्रण, उपासमार, पडणे, औषध चुकणे यांची काय कथा? त्यांनी मोजले म्हणून त्यांची लाज चव्हाट्यावर आली. आपली घरात राहिली.

सेवेला नमस्कार करावा, तिची मोजदाद करू नये, अशी आपली जुनी रीत आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता स्वत: त्या रोगाला बळी पडल्या, १० मार्च हा त्यांचा स्मृतिदिन आपण आदराने पाळतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर जी जनगणना झाली तिच्यात भारताची लोकसंख्या २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर आलेली दिसते. दहा वर्षांत लोकसंख्या घटल्याचे हे आपल्या जनगणनांतले एकमेव उदाहरण. त्या आकड्यांतून किती माणसे कमी झाली ते कळते. मागे राहिलेल्या लुळ्यापांगळ्यांना त्या वर्षी कोणी भरवले, ते कळत नाही.

या वेळी मात्र आपल्याकडे साधने नव्हती असे म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यभर निघाली. आशा स्वयंसेविका आणि त्यांचे सहकारी पाठीवर ऊन घेत घरोघर हिंडले. आमच्याही दारात दोन मुली आल्या. ताप पाहिला, बोटाला यंत्र लावून प्राणवायू पाहिला, मधुमेह-रक्तदाब विचारला. आईच्या खोलीत डोकावून त्यातली एक म्हणाली, ‘काका, यांचं कोण करतं?’ मी सांगितले. तिने मान हलवली आणि पेन तसेच धरून ठेवले. तिच्या कागदात ते लिहायला रकाना नव्हता. तिला प्रश्न सुचला होता. कागद तयार करणाऱ्याला सुचला नव्हता.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने वार्धक्याचा एक मोठा अभ्यास हाती घेतलेला आहे. ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक माणसांची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली आणि अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. अंघोळ, कपडे, जेवण, उठणे-बसणे यांत कोणाला अडचण येते आणि मदत कोण करते, हेही त्यात विचारले होते. म्हणजे साथीपूर्वीचे चित्र आपल्याजवळ आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा दिवस कसा जातो याची देशव्यापी पाहणी केली. घरच्या माणसांचे बिनपगारी करण्यात, ते काम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी १३४ मिनिटे जातात आणि पुरुषांची ७६, असे तिच्यातून निघाले. यात लेकराबाळांचे करणेही आले. तशीच पाहणी पुन्हा २०२४ मध्ये झाली. एक साथीच्या आधी, एक साथीनंतर. ज्या दोन वर्षांत मोलकरणी, आया, मावशी सगळ्या एकदम घरी बसल्या आणि त्यांचे काम कोणा सुनेच्या, कोणा लेकीच्या अंगावर आले, ती वर्षे या दोहोंच्या मधल्या फटीत पडली.

नोंद नसली म्हणजे नुकसान कसे होते, याचा प्रत्यय लसीच्या वेळी आला. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस मिळू लागली. पण केंद्रावर येणाऱ्यांना. जे खाटेवरून उठू शकत नाहीत त्यांच्यासाठी दोन वकील मुंबई उच्च न्यायालयात गेले. घरोघर जाऊन लस देणे शक्य नाही, अशी केंद्राची भूमिका होती. न्यायालयाने पुन:पुन्हा विचारणा केल्यावर राज्याने मुंबईपासून प्रयोग सुरू केला, तो जुलैच्या अखेरीस. तेव्हा महापालिकेला अंथरुणाला खिळलेल्यांची नावे नातेवाइकांकडून ई-मेलने मागवावी लागली. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेकडे अशी यादी तयार नव्हती! केंद्राने घरी जाऊन लस देण्याला मान्यता दिली ती २३ सप्टेंबर २०२१ रोजी. तोपर्यंत दुसरी लाट येऊन गेली होती.

यादी ठेवता येत नाही असे मात्र नाही. केरळात १९९३ साली कोझिकोडला काही डॉक्टर आणि स्वयंसेवक यांनी असाध्य रुग्णांना घरी जाऊन आराम देण्याचे काम सुरू केले. २००८ साली राज्य सरकारने त्याचे धोरण केले आणि पंचायतींना त्यात गोवले. तिथल्या परिचारिकेला आज कोणाच्या उंबरठ्याशी जायचे हे आधीपासून माहीत असते. आपल्याकडेही २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन भेटण्याची तरतूद त्यात कागदोपत्री आहे. २००७ च्या कायद्याने मुलांवर आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली आणि जिल्ह्याला एक वृद्धाश्रम सांगितला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेतून पाच लाखांपर्यंत उपचार मिळू लागले. पण रुग्णालयात दाखल झाल्यास. कायद्याला मुलगा दिसतो, आश्रम दिसतो, रुग्णालय दिसते. दर दोन तासांनी कूस बदलणारा हात त्याला दिसत नाही.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो तर लेख सोयीचा झाला असता. सरकार चुकले, पाहणी करणारे चुकले, मी बिचारा. पण या हिशेबात माझीही एक बाजू आहे.

एप्रिल २०२० मध्ये मावशींचा पगार खात्यात भरायचा म्हणून मी फोनवर खाते क्रमांक विचारला. त्या वेळी त्यांचे पूर्ण नाव मला पहिल्यांदा कळले. तीन वर्षे त्या आमच्या घरात येत होत्या. नऊ हजार रुपये पगार. एप्रिल आणि मे मी पूर्ण दिला. जूनला निम्मा दिला. जुलैपासून दिला नाही. ‘काम नाही तर पैसे किती दिवस?’ असे मी पत्नीला म्हणालो आणि तेव्हा मला ते व्यवहार्य वाटले. माझे स्वत:चे निवृत्तिवेतन त्या वर्षी एकही महिना चुकले नाही.

आई गेल्यावर काही महिन्यांनी मावशी भेटायला आल्या. बोलता बोलता कळले, की त्यांच्या घरी सासू होती, खुब्याचे हाड मोडून पडलेली. मावशी आमच्याकडे यायच्या तेव्हा दिवसभर तिचे शेजारची एक बाई पाहायची. टाळेबंदीत ती गावी निघून गेली. पगार थांबल्यावर मावशी पहाटे हातगाडीवर भाजी विकायला जाऊ लागल्या आणि सासूचे सगळे अकरावीतल्या मुलीवर आले. घरात फोन एकच. मुलीचा अभ्यास त्या वर्षी सुटला तो सुटलाच. मी काहीतरी सांत्वनाचे बोलू लागलो. मावशींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘साहेब, तुमच्या आईचं मी करत होते. माझ्या सासूचं कोण करतंय, ते तुम्ही कवाच इचारलं नाई.’

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य अजून माझ्याजवळ आहे. आशाताईच्या कागदात रकाना नव्हता, हे मी वर मोठ्या तोऱ्यात लिहिले. माझ्या मनात तरी तो कुठे होता?

म्हणून या अभ्यासाची सुरुवात खाटेवरच्या माणसापासून नव्हे, खाटेशेजारच्या माणसापासून व्हावी असे मला वाटते. दीर्घकालीन शुश्रूषा ही एक साखळी आहे. माझ्या आईची कूस मावशींच्या हातात होती, मावशींच्या सासूची कूस अकरावीतल्या मुलीच्या हातात गेली, आणि त्याचे मोल त्या मुलीच्या शाळेने दिले. साथीने ही साखळी वरच्या टोकाला ओढली, पण ती तुटली खालच्या टोकाला. केवळ वृद्धांची पाहणी केली तर हे खालचे टोक पुन्हा निसटेल.

आपल्या शहरात हे काम करायला माणसे आहेत. १९५८ पासून विद्यापीठ आहे, त्यात समाजशास्त्र विभाग आहे. घाटीत वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि दरवर्षी वस्त्यांमध्ये जाणारे विद्यार्थी आहेत. या दोघांनी मिळून शहरातले चार वॉर्ड आणि पैठण, कन्नडकडची चार गावे घ्यावीत. अंथरुणावर कोणी असलेल्या घरांत आणि अंथरुणावरच्यांचे करणाऱ्या बायकांच्या घरांत जावे. प्रश्न मोजकेच. २०२० च्या मार्चआधी कोण करत होते? टाळेबंदीत ते काम कोणाकडे गेले? त्या माणसाने त्यासाठी काय सोडले? रुग्णाचे काय झाले? पगार मिळाला का? एवढ्या उत्तरांतून जे निघेल ते कोणत्याही परदेशी अहवालात नसेल. आता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. आठवणी पुसट होत चालल्या आहेत, आणि आठवण सांगू शकणारी पुष्कळ माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत. हा अभ्यास आणखी दहा वर्षांनी होणार नाही.

‘ही घरातली गोष्ट, तिची कसली पाहणी?’ असे काही जण म्हणतील. घरातली गोष्ट म्हणून आपण पूर्वी बाळंतपणही सोडून दिले होते. मोजायला लागलो तेव्हा त्यातले मृत्यू कमी होऊ लागले. दुसरी शंका अधिक खरी आहे: पाहणी करून हाती काय येणार? बँकेतल्या अनुभवाने सांगतो, ज्याची नोंद नाही त्याला तरतूद मिळत नाही. यादी असेल तर पुढच्या साथीत, महापुरात, संचारबंदीत पहिल्याच दिवशी मावशीला ओळखपत्र देता येईल, अठ्ठाविसाव्या दिवशी नव्हे. राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, आणि एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत नोंदणी असलेल्या कामगारांना दीड हजार रुपये जाहीर झाले होते. नोंदणी असलेल्यांना! मावशींना तशी काही नोंदणी असते हे ठाऊक नव्हते. मला ठाऊक असायला हवे होते.

पुढच्या नोव्हेंबरात मी माझ्या स्वत:च्या हयातीच्या दाखल्यावर सही करायला शाखेत जाईन. तिथली तरुण अधिकारी मुलगी अंथरुणावरच्या निवृत्तांच्या घरी जाण्याची यादी करत असेल. मी तिला सांगणार आहे, की अंगठा घेऊन झाला की लगेच उठू नका. तो धरणाऱ्या बाईला तिचे नाव विचारा, आणि तिच्या घरी कोण आजारी आहे का तेही विचारा. कागदात रकाना नाही. सध्या समासात लिहा.